तिसऱ्या वेळी हिरवं

मंगळवार, ४ मार्च

बुटक्या,

आधी ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग तो कागद टाकून दुसरा घेतला. दोन वर्षं आपण एकमेकांशी बोललो नाही आणि आज मला काम पडलंय म्हणून तू एकदम प्रिय झालास, असं तुला वाटायला नको. काम पडलंय हे खरं आहे.

तुझा जुना फोन लागत नाही. मेल परत येते. तुझ्या मुंगी प्रोग्रामच्या वेबपानावर लिहावं म्हटलं, तर तिथे दोनशे अकरा जणांच्या तक्रारी उत्तराशिवाय पडून आहेत, माझी दोनशे बारावी. शेवटी पत्ता बाबांकडून घेतला. त्यांनी तो विजेच्या बिलाच्या पाठीवर लिहून दिला आणि वर बजावलं, “काय ते तुम्ही दोघं भांडा, मला टपालपेटी करू नका.” तू शिलाई मशीन दुरुस्त करतोस हेही त्यांच्याकडूनच कळलं. बरं झालं. मशीन घेऊन येणारा माणूस निदान दारात उभा राहून बोलतो. मुंगीवर लिहिणाऱ्यांना तेवढीही लाज नव्हती. ‘फुकट आहे म्हणून इतकं वाईट असावं का?’ असं कुणीतरी लिहिलं होतं आणि तू त्यालाही नीट उत्तर दिलं होतंस, ते मी वाचलं होतं.

मुद्द्यावर येते. मुंगीत खोट आहे.

आमचा नवा औषधाचा पंप तयार होतोय. खाटेशेजारी लावायचा, वर सिरिंज बसवायची, तासाला किती औषध जायला हवं तो आकडा भरायचा. दहा पंप एका हॉस्पिटलला सरावासाठी दिलेत. रोग्याला अजून लावलेले नाहीत, मिठाचं पाणी भरून चालवतात. तिथल्या एका सिस्टरने कागदावर लिहून पाठवलं, ‘पंप थांबवला, वेग कमी केला, पुन्हा चालू केला. पडद्यावर नवा आकडा होता, पण सिरिंज जुन्याच वेगाने रिकामी झाली. आठवड्यात दोनदा.’

आमच्या प्रोग्रामरने वाचलं आणि कागद माझ्याकडे सरकवला. “आमच्याकडे असं होत नाही. होत असतं तर तुमची मुंगी ओरडली नसती का? फळा तर दोन वर्षं हिरवागार आहे.”

फळा हिरवा आहे हे खरंच. मग मी फळ्याच्या मागे जाऊन बघितलं. तुला सांगायला नको, पण त्या संध्याकाळी तुझ्या भावोजींना समजावून सांगावं लागलं, कारण मी जेवत नव्हते. म्हटलं, पूर्वी आम्ही माणसं पंपाची बटणं दाबून बघायचो, आता ते मुंगी नावाचा प्रोग्राम करतो. बरोबर चाललं तर ऑफिसातल्या मोठ्या पडद्यावर, म्हणजे आमच्या फळ्यावर, हिरवं, चुकलं तर लाल. पण मुंगीला एक सवय आहे. चुकलं की ती तीच तपासणी पुन्हा करते, तरी चुकलं तर तिसऱ्यांदा. तिन्हींत एकदा जरी जमलं तरी फळ्यावर फक्त हिरवं दिसतं.

त्यांनी चमचा खाली ठेवला. तुला माहीत आहे, गाडी शिकवणारा माणूस. म्हणाले, “म्हणजे माझ्याकडे एखाद्याने तीनदा ब्रेक दाबला आणि तिसऱ्यांदा लागला, तर मी त्याला लायसन्स द्यायचं?”

ही सवय बंद करायला हवी. आमच्याकडची मी करेनच, एका ओळीचं काम आहे. पण मुंगी अकराशे ठिकाणी चालते आणि सगळीकडे ती सोय आपोआप चालूच असते. ती मुळातून बंद करायची तर पानाची चावी, म्हणजे त्यात बदल करायचा हक्क, तुझ्याकडे आहे. तासाभराचं काम. बाकी काही मागत नाही.

पंप एकतीस तारखेला विक्रीला निघणार. सव्वीसला मंजुरीच्या सह्या. तपासणीप्रमुख म्हणून पहिली सही माझी.

ताई


शनिवार, ८ मार्च

बुटक्या,

चार दिवसांत उत्तर येईल अशी अपेक्षा नव्हती. तरी काल दोनदा पेटी उघडून बघितली.

मी जुन्या नोंदी काढल्या. थांबवा, वेग बदला, पुन्हा चालू करा, ही तपासणी मुंगीने दोन वर्षांत चौदाशे साठ वेळा केली. त्यातल्या सदतीस वेळा पहिल्या फटक्यात चुकली. दुसऱ्या किंवा तिसऱ्या वेळी जमली आणि फळ्यावर हिरवी लागली. सदतीस वेळा ती ओरडली आणि आपणच तिच्या तोंडावर हात ठेवला.

‘आपणच’ असं लिहून गेले. राहू दे.

मग मी पंप टेबलावर घेतला आणि हाताने तपासायला बसले. किती वर्षांनी! बोटांना आठवत होतं. शांतपणे दाबलं तर शंभरातून शंभर वेळा बरोबर. तेव्हा काकू आठवली. आमच्या गटातली सगळ्यात मोठी, तुला आठवत असेल, तू मुंगी बसवायला आमच्याकडे आलास तेव्हा तिने तुला विचारलं होतं, “तुझी मुंगी वैतागते का रे?” तू म्हणालास, मुंगी कधीच वैतागत नाही. ती म्हणाली, “मग तिला काय कळणार? नर्स वैतागते.” सगळे हसले. काकू कुठलंही यंत्र तपासताना फोन खांद्याशी धरायची, कुणाशी तरी भांडायची आणि भांडता भांडता बटणं दाबायची. घाईतल्या बाईसारखी.

मी तुझ्या भावोजींना फोन लावला, खांद्याशी धरला आणि म्हटलं, काहीतरी बोलत राहा.

“काय बोलू?”

“भांडा.”

“शनिवारी ऑफिसात का गेलीस, यावरून चालेल?”

चाललं. चारशे वेळा दाबलं, अकरा वेळा पंप जुन्या वेगावर सुरू झाला. वेग बदलल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ‘चालू’ दाबलं की होतं. मुंगी साधारण अर्धा सेकंदच थांबते, म्हणून तिला कधी सापडतं, कधी निसटतं. इतक्या घाईने कोण दाबेल, असं प्रोग्रामर विचारणारच. चार खाटा सांभाळणारी सिस्टर दाबेल.

म्हणजे दोष पंपात आहे आणि तो दोन वर्षं दिसत होता.

आमच्या साहेबांना अजून सांगितलं नाही. त्यांना आम्ही मागे ‘तारीख’ म्हणतो, कारण ते दुसरं काही बोलत नाहीत. कुणाच्या घरी मूल झालं तरी विचारतात, ठरल्या तारखेला झालं का? त्यांना सांगायचं तर फळा दाखवावा लागेल. फळा दाखवायचा तर ती सोय बंद करावी लागेल. मी माझ्या मशीनवर बंद करून बघितली. सहाशे तपासण्यांत एकसष्ट लाल. साहेब विचारतील, ही सोय कुणी चालू केली? त्याला माझ्याकडे खरं तर उत्तर आहे. मुंगीत ती पहिल्यापासून चालूच येते. ती तशी का ठेवलीस, हे मी तुला विचारत नाहीये.

बाबांच्या सत्तरीच्या जेवणात मी जे बोलले, त्याबद्दलही लिहायचं होतं. पुढच्या वेळी लिहीन.

ताई


गुरुवार, १३ मार्च

बुटक्या,

बाबा तुझ्याकडे जाऊन आले. आल्यावर दोन दिवस मुद्दाम काही बोलले नाहीत. मी विचारलं, पत्रं मिळाली का त्याला?

“मिळाली. मशीनच्या खोक्याखाली ठेवलीत.”

“वाचली का?”

“उघडी होती.”

“काही म्हणाला?”

“म्हणाला, बाबा, त्या बाईंच्या मशीनची सुई धरा जरा. मी धरली.”

एवढंच. तुम्ही दोघं बापलेक एका साच्यातले. तोंडातून शब्द काढायला सांडशी लागते.

मी साहेबांना अर्धं सांगितलं. म्हटलं, पंपात घाईच्या वेळी एक दोष दिसतोय, तारीख पुढे ढकलावी लागेल. ते म्हणाले, “फळा हिरवा आहे.” मी म्हटलं, फळ्यावर पूर्ण विसंबून चालणार नाही. ते म्हणाले, “तीन वर्षांपूर्वी याच खुर्चीसमोर बसून तुम्ही मला सांगितलंत की फळ्यावर पूर्ण विसंबता येईल. मी विसंबलो. आता काय बदललं, ते मला एका कागदावर द्या.” आवाज चढवला नाही. त्यांचं चुकलंय असं मला प्रामाणिकपणे म्हणता येत नाही. प्रोग्रामरही शेजारी होता. “चारशेत अकरा. तेही ताईंनी खांद्याला फोन लावून दाबल्यावर,” म्हणाला. कुणी हसलं नाही, तो स्वतःही नाही.

तेव्हा आता एक गोष्ट मागते. पानावर यायला नको, चावी नको, काही नको. फक्त एका कागदावर चार ओळी लिही, सही कर. ती सोय चालू ठेवण्याचा निर्णय मुंगीच्या कर्त्याचा, वापरणाऱ्यांना त्याची स्पष्ट सूचना नव्हती, अशा अर्थाच्या. तो कागद असला की साहेब तारीख थांबवतील आणि पंप दुरुस्त होईल. मुंगी फुकट आहे, तिच्या परवान्यातच लिहिलंय की काही बिघडलं तर कर्ता जबाबदार नाही. तुझ्यावर कुणी खटला भरणार नाही. तू तर ते जगच सोडलंस. तुला त्याने काय फरक पडणार?

हे लिहिताना हात थांबला होता, तरी लिहिलं. सव्वीसच्या आत पाठव.

ताई


बुधवार, १९ मार्च

बुटक्या,

तुझं पाकीट आज सकाळी आलं. दारातच फोडलं. कागद मी मागितला होता तसाच, त्याहून चांगला. ‘ही सोय मी माझ्या मर्जीने चालू ठेवली. वापरणाऱ्यांना सावध करणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. जबाबदारी माझी.’ खाली सही. आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने, ‘ताई, साहेबांना दाखव आणि पंप थांबव. बाकी सोडून दे.’

मी तो कागद पिशवीत घातला आणि कामाला निघाले. अर्ध्या वाटेवर बसस्टॉपवर उतरून बाकावर बसले. दोन बस सोडल्या. आत्ता हे तिथेच गुडघ्यावर लिहितेय, म्हणून अक्षर असं आहे.

तुझ्या कागदातलं एकही वाक्य खरं नाही. हे तुला माहीत आहे, मला माहीत आहे, तिसऱ्या कुणाला माहीत नाही. म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

मुंगी आमच्याकडे तू आणली नाहीस. मी आणली. साहेबांपुढे मी बढाई मारली होती, माझ्या भावाने बनवलंय, जग वापरतंय. तू दोन दिवस येऊन बसवून गेलास. पहिल्या महिन्यात फळा रोज लाल. कधी आमचं नेटवर्क मंद, कधी यंत्र दमलेलं, कधी काय. अर्धे लाल खोटे होते, पण कुठले अर्धे, ते एकेक उघडून बघायला हवं होतं. साहेब रोज सकाळी फळ्यापुढे उभे राहायचे आणि मग माझ्याकडे बघायचे. मी जिन्यात जाऊन तुला फोन केला. म्हटलं, चुकलं की पुन्हा करून बघ, एकदा जमलं की हिरवं दाखव.

तू नाही म्हणालास. मला शब्द आठवतात. “ताई, कधी जमतं कधी चुकतं, हीच तर बातमी आहे. ती लपवायची कशाला?”

मी आठ वेळा फोन केला. शेवटी तू म्हणालास, बरं, सोय देतो, पण बंद ठेवतो. ज्याला हवी त्याने आपल्या फाइलीत एक ओळ लिहून चालू करावी. मी म्हटलं, नको, चालूच ठेव. तू विचारलंस का. मी म्हटलं, सगळ्यांना सोयीचं पडेल.

खरं कारण आज सांगते. आमच्या फाइलीत ती ओळ लिहिली असती तर ओळीशेजारी लिहिणाऱ्याचं नाव उमटलं असतं. कधी, कुणी, सगळं. मला माझं नाव तिथे नको होतं. मुंगीच्या पोटातच चालू असली की कुणाचंच नाव नाही. माझं नाव लपावं म्हणून अकराशे ठिकाणी ती सोय चालू राहिली.

मग फळा हिरवा झाला. आठ महिने सलग. साहेब म्हणाले, मग इतकी माणसं कशाला? चार नावं द्या. मी दिली. काकूचं पहिलं. कुणी हात धरून लिहून घेतलं नाही. मला वाटलं, पहिलं नाव मोठीचं घातलं की यादी निष्पक्ष दिसेल.

आणि सत्तरीच्या जेवणात मावशीने सहज विचारलं, तुझ्या ऑफिसातल्या त्या हसऱ्या बाई कशा आहेत, तेव्हा मी सगळ्यांसमोर तुझ्याकडे बोट दाखवलं. “याला विचार. हा जे फुकट वाटतो ना, त्याची किंमत चार घरांनी मोजली. लोकांच्या पोटावर पाय देऊन नाव कमावलंय याने.” तू ताट बाजूला केलंस आणि निघून गेलास. तुला तिथल्या तिथे सगळं सांगता आलं असतं. जिन्यातले आठ फोन. तू मावशीला एवढंच म्हणालास, “भाजी छान झालीय.” आठवडाभराने तू मुंगीच्या पानावर येणंच बंद केलंस. लोकांच्या तक्रारींना कंटाळलास असं मी सगळ्यांना सांगितलं. स्वतःलाही तसंच सांगितलं.

आता तिसरी बस येतेय. ही घेते. तुझा कागद या पत्रात परत घालतेय. मला वापरता येणार नाही.

ताई


गुरुवार, २७ मार्च

प्रिय बुटक्या,

काल सह्यांची बैठक झाली. आठवडाभर आधीच सांगून टाकायला हवं होतं. रोज ठरवत होते आणि रोज काहीतरी निघत होतं. शेवटी सोमवारी ती ओळ आमच्या फाइलीत लिहिली, सोय बंद. ओळीशेजारी माझं नाव उमटलं. मंगळवारी सकाळी साहेब नेहमीसारखे फळ्यापुढे गेले. एकसष्ट लाल. माझ्या टेबलाशी आले, “हे काय आहे?” मी म्हटलं, उद्या बैठकीत सांगते, सगळ्यांसमोर सांगायचंय.

सांगितलं. कागदावर लिहून नेलं होतं, कारण तोंडी सांगायला गेले असते तर स्वतःला दोन ठिकाणी वाचवलं असतं. जिना, आठ फोन, आपोआप चालू का, चार नावं. सिस्टरचा कागदही वाचून दाखवला. मग पंप टेबलावर ठेवला आणि प्रोग्रामरला म्हटलं, तूच दाब, तुझ्या बायकोशी फोनवर भांडत. तो म्हणाला, “ती भांडत नाही.” साहेब म्हणाले, “मी भांडतो.” आणि खरंच त्याला तारखेवरून झापायला लागले. तो उत्तरं देत दाबत राहिला. एकोणिसाव्या वेळी पडद्यावर वीसचा आकडा होता आणि सिरिंज ऐंशीने चालली होती. पंप हातात घेऊन त्याने उलटा करून बघितला, जसं काही खाली कारण लिहिलेलं असेल.

साहेबांनी तारीख काढून टाकली. पुढची सांगितली नाही. त्या माणसाने तारीख न सांगता बैठक संपवलेली मी पहिल्यांदाच बघितली.

मग मला थांबायला सांगितलं. म्हणाले, “तपासणीप्रमुख म्हणून तुम्ही राहू शकत नाही.” मी म्हटलं, हो. “पण ही एकसष्ट कोण बघणार? खोटी कुठली, खरी कुठली, हे हाताने बघणारं माझ्याकडे कुणी उरलेलं नाही.” मी म्हटलं, मी बघते. आणि काकूला बोलवा. ते म्हणाले, त्या येतील? मी म्हटलं, तुमच्यासाठी येईल, माझ्यासाठी येणार नाही.

तरी फोन मीच केला. तुमच्या आधी मीच तिच्याशी बोलायला हवं, असं साहेबांना सांगून केला. काकूने सगळं ऐकून घेतलं. मध्ये कुकरची शिट्टी झाली, तीही होऊ दिली. मग म्हणाली, “मला माहीत होतं गं.”

“काय माहीत होतं?”

“पंचवीस वर्षं लोकांच्या चुका शोधल्या मी. समोरच्या टेबलावरची दिसणार नाही? एखादं यंत्र आठ महिने एकदाही चुकत नाही, असं असतं का कुठे?”

“मग बोलली का नाहीस?”

“तू विचारलंस?”

मग ती म्हणाली, “माफ वगैरे नंतर बघू. तीन महिन्यांसाठी येईन. खिडकीची जागा माझी. आणि तू मला विचारल्याशिवाय काहीही हिरवं करायचं नाही.” सोमवारपासून येतेय. माझी खुर्ची तिला दिलीय, खिडकीजवळच आहे.

आता तुझ्याबद्दल. काल बैठकीनंतर मुंगीचं पान उघडलं, दोनशे बारावी तक्रार लिहायला. तर पानावर नवा बदल. तू रविवारीच ती सोय मुळातून बंद करून ठेवली होतीस. मी इथे आठवडाभर धीर गोळा करत होते आणि तू मशीन बाजूला सारून काम उरकलं होतंस. बदलाचं कारण लिहायची जागा मात्र तू रिकामी सोडली होतीस. तू कधी असं सोडत नाहीस. एका अक्षराच्या दुरुस्तीलाही तू तीन ओळी कारण लिहायचास.

मी त्या बदलाखाली, जिथे कुणालाही लिहिता येतं तिथे, कारण लिहिलं. माझ्या नावाने. मागणी माझी होती, आपोआप चालू ठेवायचा हट्ट माझा होता, कशासाठी होता, आणि त्यामुळे औषधाच्या पंपातला दोष दोन वर्षं कसा झाकला गेला. ज्यांच्याकडे मुंगी आहे त्यांनी आजच नवी घ्यावी आणि जे लाल दिसेल ते खोटं समजू नये. शेवटी, कर्त्याने तेव्हाच विरोध केला होता, हेही लिहिलं.

आज सकाळी बघितलं तर तू माझं लिहिणं जसंच्या तसं ठेवलंस, शेवटचं वाक्य सोडून. त्याच्यापुढे तू घातलंस, ‘विरोध केला आणि मग ऐकलं. बहिणीला नाही म्हणता आलं नाही, हे कारण अकराशे लोकांना सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून तेव्हा सांगितलं नाही.’

ते मी ऑफिसात वाचलं. प्रोग्रामरने विचारलं, काय झालं? म्हटलं, डोळ्यात काही गेलंय. तो म्हणाला, दोन्ही डोळ्यांत? शहाणा आहे.

खाली उत्तरं यायला लागलीत. दुपारपर्यंत तेवीस. एकाने लिहिलंय, ‘आमच्याकडे लिफ्टचं काम चालतं. सकाळी सोय बंद केली. एकशे चार लाल. आभार नंतर मानतो, सध्या बसायला वेळ नाही.’ एकीने विचारलंय, इतक्या लालचं आता करायचं काय? तिला मी लिहिलं, एकेक उघडायचं, हाताने करून बघायचं, घाईत करून बघायचं, आणि जे समजत नाही ते लालच ठेवायचं. तुझ्या पानावर तुला न विचारता उत्तर दिलं. एक तर चक्क शिव्याच देतोय, म्हणतोय, दोन वर्षं फसवलंत. त्याला मी अजून काही लिहिलेलं नाही. तो चुकीचं बोलत नाहीये.

आणखी येतील. दोनशे अकरा जुन्या आहेतच. यातलं काहीही तुझ्या अंगावर पडू नये असं मला वाटतं. तू मशीनं कर. आठवड्यातून दोन दुपारी बसून उत्तरं द्यायची माझी तयारी आहे. शिव्या देणाऱ्यांनाही मीच देईन, त्या मुळात माझ्या आहेत. त्यासाठी पानाची दुसरी चावी मला द्यावी लागेल. काहीही बदलण्याआधी तुला पत्र टाकीन, तू हो म्हटल्याशिवाय एक ओळ हलणार नाही. मग त्याला पंधरा दिवस लागले तरी लागू देत.

मला चावी हवी आहे, हे मी एकदाच लिहितेय. फोन करणार नाही, बाबांना पाठवणार नाही. तुला ‘नाही’ म्हणावंसं वाटलं तर नाही म्हण, बुटक्या. कारण विचारणार नाही.

तुझी,
ताई